सहा दिवसांचा स्वयंपाक

माझी बायको केवळा नोव्हेंबरच्या बारा तारखेला गेली. सकाळी छातीत कळ आली आणि अहमदपूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. तेव्हापासून रोज अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येतो. मी उठून बघत नाही. बसून ऐकतो.

जानेवारीत माझा मेहुणा वैजनाथ आला. केवळा ज्या उमेदवाराच्या प्रचार कार्यालयात स्वयंपाक करायची, त्याच्याबद्दल म्हणाला, "दाजी, त्यानं निवडणुकीचा खर्च दाखल केलाय. त्यात अक्का अठरा तारखेपर्यंत सयपाक करत राहिली."

"ती तर बाराला गेली की."

"म्हणून तर म्हन्तो, लातूरला चला. ते कागद कुणीबी बघू शकतंय. एक रुपया फी हाय."

लातूरला निवडणूक शाखेत शिवांगी नावाच्या कारकून होत्या. त्यांनी रुपयाची पावती फाडली आणि फाईल समोर ठेवली. "काका, बोटाला थुंकी लावून पानं उलटू नका."

रोजच्या जेवणाची एकेक पावती होती. तेरा तारीख, ऐंशी माणसं. चौदाला आम्ही केवळाची रक्षा सावडली. त्या दिवशी एकशे चाळीस माणसं, पिठलं-भाकरी. सुतकात आमची चूल बंद होती. शेजारच्या लक्ष्मम्मा डबा आणायच्या. आणि कागदावर केवळा लोकांना जेवू घालत होती. प्रत्येक पावतीवर रेव्हेन्यू तिकीट आणि तिकिटावरून गेलेली सही.

"खोट्या सह्या मारल्या हरामखोरांनी," वैजनाथ म्हणाला.

"न्हाई. सही तिचीच हाय."

सही मीच शिकवली होती तिला, पन्नाशीत, हात धरून. शेवटच्या अक्षराला ती खाली शेपूट ओढायची. प्रचाराच्या पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती, "कोऱ्या पावत्यांवर सह्या घेतल्या. रोज रोज नको म्हणे. वीस केल्या, एकबी चुकली न्हाई." मी कौतुकानं हसलो होतो. कोऱ्या कागदावर कशाला, एवढं विचारायला पाहिजे होतं.

"तक्रार करायची तर लिहून द्या," शिवांगीबाई म्हणाल्या. "मृत्यूचा दाखला जोडा. सही खोटी आहे असं लिहा."

"सही खरी हाय."

"मग खोटं काय?"

"जेवण."

पेन घेतलं. या फाईलमध्ये ती सहा दिवस जास्त जगली होती. मी लिहिलं, तर ती पुन्हा बारा तारखेला जाणार, आणि या वेळी माझ्या हातानं. घरातला आवाजही जाईल, अशी भीती वाटली.

"दाजी," वैजनाथ हळू बोलला, "न रांधल्याचं पैसं अक्कानं कधी घेतलं का?"

नव्हतं घेतलं. एका लग्नात वरण करपलं, तर तिनं त्या दिवसाची मजुरी परत केली होती.

मी लिहिलं : 'पावत्यांवरची सही माझ्या पत्नीची, खरी आहे. तेरा ते अठरा तारखेचा स्वयंपाक तिनं केलेला नाही. ती बाराला वारली.' खाली माझी सही केली. शिवांगीबाईंनी शिक्का मारला आणि पोच दिली.

दुसऱ्या दिवशी अकराला मी ओसरीवर बसलो. काही ऐकू आलं नाही. बारा वाजले. मग पहिल्यांदाच उठून आत गेलो.

तिची भाकरी थापायची काटवट भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्यावर दोन महिन्यांची धूळ होती.