कपाटाला आवडेल असं घर

चौथा मजला, अडुसष्ट पायऱ्या, लिफ्ट नाही. आणि माझे दोन्ही गुडघे संपावर. चौदा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "ऑपरेशन तुमच्या हृदयाला झेपणार नाही. तळमजल्यावर घर बघा." त्या दिवशी दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत मी वर आले ती आलेच. पुन्हा उतरले नाही.

मिस्त्रींनी तेव्हा एवढी समंजस मान हलवली होती की मला वाटलं, महिन्याभरात आपलं बिऱ्हाड हलतंय. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. सुतार आहेत. अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते म्हणून मीही म्हणते. चाळीस वर्षांच्या संसारात याहून गोड काही सुचलं नाही. तर या मिस्त्रींनी तेव्हापासून अकरा घरं पाहिली आणि अकराही नापास केली. कारण एकच. कपाट.

आमच्या बाहेरच्या खोलीची एक भिंत बांधणाऱ्याने बहुतेक जांभया देत बांधलीय. वर छतापाशी दोन इंच पुढे झुकलेली, मध्ये पोट सुटलेलं, डावा कोपरा काटकोनाशी अबोला धरलेला. मिस्त्रींनी त्या भिंतीचा झुकाव, पोट, सगळं मापात उतरवून घेतलं आणि अकरा महिन्यांचे रविवार खपून या टोकापासून त्या टोकापर्यंत असं सागवानी कपाट बसवलं की मागे पोस्टकार्ड सरकत नाही. अजूनही पाहुणा आला की ते पोस्टकार्ड घेऊन उभे राहतात. पाहुणा बिचारा कौतुक करून दमतो आणि इकडे माझा चहा उकळून काळा होतो.

आता वाकड्या भिंतीला चपखल बसलेलं कपाट वाकडंच असणार. सरळ भिंतीच्या घरात नेलं तर ते झिंगल्यासारखं दिसेल. म्हणून मिस्त्री एखाद्या वाकड्या घराच्या शोधात होते. मला वाटतं, आयुष्यात वाकडं घर मुद्दाम शोधणारा हा पहिलाच सुतार असेल.

बारावं घर लेकीने शोधलं. दोन गल्ल्या पलीकडे, तळमजला, समोर चपलांचं दुकान. मालक म्हणाले, शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्याला देतो. शुक्रवारी सकाळी मिस्त्री टेप, वही आणि कानावर पेन्सिल अशा थाटात गेले आणि दुपारी तोंड पाडून आले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"भिंती सरळ आहेत," ते म्हणाले. वाळवी लागलीय हे सांगावं त्या आवाजात.

संध्याकाळी लेक ऑफिसातून परस्पर आमच्याकडे आली. तिने पर्स पलंगावर टाकली आणि पाणीही न पिता विषयाला हात घातला.

"बाबा, कपाट इथेच सोडा ना. नाहीतर विकून टाका."

मिस्त्रींनी तिच्याकडे असं पाहिलं की मला विकायला सांगितलं असतं तर त्यांना कमी लागलं असतं. मग वही उघडून ते मापं वाचायला लागले. खिडकीची चौकट, ओट्याची उंची, पलंगाची जागा. लेकीचा धीर सुटला.

"आणि आईचं काय?"

"तुझी आई काही कोंडून पडलेली नाही," मिस्त्री म्हणाले. "मनावर घेतलं तर उतरेल. हळूहळू, दम खात. सवय मोडलीय, दुसरं काय?"

माझं टाळकंच सरकलं. पण आवाज चढवला की मला धाप लागते, म्हणून मी नुसता हात पुढे केला. "वही द्या इकडे."

दोन पानं भरून त्रेचाळीस मापं होती. मोरीचं दारही होतं त्यात, पुढे लिहिलेलं, 'वॉशिंग मशीन जाईल'.

"आणि माझा वॉकर?" मी विचारलं.

मिस्त्री पेन्सिल या कानावरून त्या कानावर नेऊ लागले.

"बरं, बाहेरच्या दाराला पायरी आहे का?"

"असेल एखादी."

"किती उंच?"

त्यांनी माझ्या हातातल्या वहीत डोकावून पाहिलं.

"धन्य आहे तुमची," मी म्हटलं. "चौदा महिने ज्या एका गोष्टीपायी मी इथे सडतेय, तेवढी सोडून अख्खं घर मोजून आलात. मी कपाट असते तर माझं माप घेतलं असतंत."

मिस्त्री उठले आणि मागच्या गॅलरीत गेले. तिथे त्यांचं उरलंसुरलं लाकूड असतं. लेक म्हणाली, रुसले. मी म्हटलं, रुसू दे. पण ते प्लायवूडचे तुकडे कवेत घेऊन परत आले, एकेक अर्ध्या इंचाचा. एक तुकडा माझ्या पायापुढे जमिनीवर ठेवला.

"चढ," म्हणाले.

मिस्त्रींचं हे असंच. बोलून त्यांना काही पटत नाही, लावून बघावं लागतं. मी वॉकर धरून उठले. पहिल्या तुकड्यावर पाय ठेवला, उतरवला. त्यांनी त्यावर दुसरा ठेवला. मग तिसरा. पाचव्याला मला घाम फुटला. सातव्याला मी ओठ चावला, पण पाय ठेवला. आठव्याला अंगठा कडेवर आपटला. "थांबा, पुन्हा घेते," मी म्हटलं. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा तर पाय तेवढाही वर आला नाही. मिस्त्री गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांचा हात माझ्या टाचेखाली होता, पडलेच तर म्हणून.

"राहू दे," ते म्हणाले.

वहीत त्यांनी चव्वेचाळिसावं माप लिहिलं, साडेतीन इंच. मग टेप घेऊन बाहेर जिन्यावर गेले. परत आले ते दारातच उभे राहिले.

"सात आहे," म्हणाले. "एकेक पायरी सात इंच." आणि तिथेच खाली बसले. टेप गुंडाळत म्हणाले, "अगं, मला वाटायचं तू कंटाळा करतेस."

"माहीत होतं मला."

ते खरंच माहीत होतं, आणि गुडघ्यांपेक्षा तेच जास्त दुखत होतं. चाळीस वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाला आपण नाटकी वाटतो, याचं दुःख कुणापुढे सांगायचं? लेकीने डोळे पुसले. मी पुसले नाहीत, मला वॉकर सोडता येत नव्हता.

त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी मालकांना स्वतः फोन केला. घर घेतो म्हणाले, दाराशी लाकडी उतार करीन, चालेल ना, एवढंच विचारलं. कपाटाचं नावसुद्धा काढलं नाही. निघायच्या दिवशी त्यांनी ते रिकामं केलं, आतून पुसलं, त्याची दारं लावली आणि जो कुणी राहायला येईल त्याचं नशीब म्हणाले.

मला दोन हमालांनी खुर्चीत बसवून उतरवलं. पुढचा म्हणाला, "ताई, हलू नका हं." मी म्हटलं, "हलता येत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं, बाबा?" तो हसला तेव्हा खुर्ची अशी डुगडुगली की मी पुढचे तीन मजले तोंड मिटून बसले.

खाली फुटपाथवर गाद्या आणि बादल्यांच्या शेजारी त्यांनी मला टेकवलं आणि ते टेम्पो भरायला गेले. एक गृहस्थ थांबले आणि मिस्त्रींना विचारू लागले, "ही खुर्ची विकायची आहे का?"

"मी उठले की बोला," मी म्हटलं, "पण वेळ काढून या."

माणसं जात होती. एक बाई फोनवर कुणाला तरी मनसोक्त झापत होती. एकाची सायकल पंक्चर झाली होती. चौदा महिने मी हे सगळं वरून पाहिलं होतं, नुसती टाळकी. आज चेहरे दिसत होते. पायांवर ऊन पडलं होतं. मला हुंदका आला आणि मी तो येऊ दिला.

"चल," मिस्त्री म्हणाले, "टेम्पो भरला."

"जाऊ दे त्याला पुढे. मला इथे बसायचंय."

त्यांनी टेम्पोवाल्याला हात केला. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून ते फुटपाथच्या कडेवर, माझ्या पायांशी बसले. थोड्या वेळाने मनगट वळवून घड्याळाकडे बघायला लागले.

"मोजू नका," मी म्हटलं.

त्यांनी बाही घड्याळावर ओढली.