पहिल्या ठिणगीचे पाय

खेळण्यांच्या त्या कारखान्यात त्यांना सगळे ताई म्हणत. रचना विभागाच्या त्या प्रमुख. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. ज्या यंत्रमानवांनी कारखान्याचं नाव घरोघर नेलं, त्या लोहपथकाला पंचवीस वर्षं झाली म्हणून खालच्या दालनात प्रदर्शन मांडलं होतं. पथकात बाई एकच, ठिणगी. तिची जन्मकथा सांगायला ताईंना कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं.

काचेच्या कपाटात आजवर निघालेल्या चार ठिणग्या ओळीने मांडलेल्या. पहिली गुलाबी, कंबर चिमटीत मावेल एवढी, पायात उंच टाचा. टेकूशिवाय ती उभीच राहायची नाही, म्हणून खोक्यातच एक पारदर्शक टेकू यायचा. पथकावरच्या कार्टूनमध्ये तिला काम एकच, शत्रूच्या तावडीत सापडणं. दुसरीला हत्यार मिळालं, पण ते हातातून गळायचं. तिसरीचे खांदे रुंदावले, गुलाबी जाऊन करडा रंग आला. चौथी पथकाची म्होरकी, पाय रोवून उभी, पाठीवर वेल्डिंगचं यंत्र.

"आणि ही पहिली अशी कशी हो?" मुलाखत घेणारीने हसून विचारलं. मागे उभी असलेली विभागातली तरुण मंडळी फिस्सकन हसली.

ताईही हसल्या. "अहो, त्या काळच्या साचेकारांना बाई म्हणजे एवढंच ठाऊक!"

कपाटावरच्या पाटीवर पहिलीच्या साचेकाराचं नाव होतं. नवी मंडळी त्यांना ओळखत नव्हती, जुनी माणसं त्यांना मामा म्हणत. टाळ्या पडल्या. ताईंचे मात्र कान तापले. कारण बोललेलं धादांत खोटं होतं, आणि ते ठाऊक असलेली माणसं जगात दोनच उरली होती.

खरं असं घडलं होतं. ठिणगी म्हणजे पथकाची दुरुस्तीवाली, असं ठरलं तेव्हा मामांनी लाकडात तिचा नमुना कोरला तो दणकट. रुंद पावलं, जाड मनगटं, कमरेला अवजारांचा पट्टा. "जी दुसऱ्यांना उभं करते, ती स्वतः पडून कसं चालेल?" म्हणाले होते. विक्रीप्रमुखाने नाक मुरडलं. "ही बाई आहे की बुलडोझर? बारीक करा." मामांनी साफ नकार दिला. मग मुलगी आजारी पडली म्हणून ते चार दिवस रजेवर गेले, आणि विक्रीप्रमुख तोच हुकूम घेऊन ताईंच्या टेबलाशी आला. ताई तेव्हा विभागातली एकटी बाई, बढतीच्या यादीत दुसऱ्या नंबरवर. त्यांनी स्वतःच्या हाताने कानस घेतली. दोन दिवस त्या लाकूड घासत होत्या. तिसऱ्या दिवशी नमुना साच्याला गेला, नोंदवहीत नाव मामांचंच राहिलं. परत आल्यावर मामांनी नमुना हातात घेतला, बोट घोट्यावरून फिरवलं, ताईंकडे एकदा पाहिलं आणि आपल्या बाकाकडे गेले. बढती ताईंना मिळाली.

मुलाखतीचा तो तुकडा दोन दिवसांत सगळ्यांच्या फोनवर फिरला. चौथ्या दिवशी ताईंच्याने राहवेना. पत्ता शोधून त्या मामांच्या घरी गेल्या. सायकलच्या दुकानावर दोन खोल्या. दार मामांच्या बायकोने उघडलं. पाण्याचा पेला पुढे केला, "बसा"सुद्धा म्हणाली नाही.

मामा खिडकीशी बसून चष्म्याची काडी जोडत होते. स्क्रू पुन्हा पुन्हा निसटत होता.

"मामा, मी माफी मागायला आले."

"कशाची? तेव्हाची की आत्ताची?"

ताईंनी पाण्याचा पेला खिडकीत ठेवला.

"तेव्हाचं मी कधीच सोडून दिलं," मामा म्हणाले. "तुमची नोकरी होती, वर तो माणूस बसलेला. माझ्या घरात आजारपण नसतं तर मी तरी किती दिवस नाही म्हणालो असतो, देव जाणे. पण आत्ता कोण बसलं होतं तुमच्या डोक्यावर?"

"कोणी नाही."

"मग?"

"सगळे हसत होते," ताई म्हणाल्या. स्वतःच्याच कानांना ते इतकं पोरकट वाटलं की त्यांनी मान खाली घातली.

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. "आमच्या नातीने बघितलं ते. विचारते, आजोबा, तुम्हाला बाई कशी असते ते माहीत नव्हतं का? जन्मभर बायको नि लेक, दोघींच्या धाकात राहिलेला माणूस हा!" बोलताना तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले. "जा आता तुम्ही. माफी-बिफी इथे नको. जिथे बोललात तिथे बोला."

दुसऱ्या दिवशी ताईंनी विभागातल्या सगळ्यांना काचेच्या कपाटाशी बोलावलं. कॅमेरा नव्हता, तो मागितला तर व्यवस्थापनाने "कशाला जुनी मढी उकरायची" म्हणून टोलवलं होतं. ताईंनी सगळं सांगितलं. कानस, चार दिवसांची रजा, बढती. मध्ये कुठे थांबल्या नाहीत. मग सगळ्यांसमोर पाटी खाली काढून घेतली. नव्या पाटीवर दोन ओळी आल्या: मूळ नमुना कोणी कोरला, आणि तो कोणी बिघडवला. दुसऱ्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव. त्या पाटीचा फोटो सगळ्यांना फोनवरही पाठवला. पण खोटं ज्या वेगाने फिरलं होतं त्या वेगाने खरं फिरलं नाही. पंधरा-वीस जणांनी पाहिलं असेल.

मन हलकं होईल असं ताईंना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जेवायच्या सुट्टीत पूर्वी त्यांच्या टेबलाला गर्दी व्हायची, ती आता पांगली. कोणी उर्मट बोललं नाही, पण बोलणं बेतास बात.

आठवडाभराने विभागातली सगळ्यांत लहान, जाड चष्म्याची मुलगी डबा घेऊन समोर येऊन बसली. पाचव्या ठिणगीचं काम तिच्याकडे होतं.

"ताई, वरून निरोप आलाय. आज बोलावलंय. म्हणे ठिणगीचा चेहरा जरा गोड करा. मी काय करू?"

'सरळ नाही म्हण' हे ताईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते म्हणायचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे त्यांना जाणवलं. घास गिळला.

"किती वाजता बोलावलंय?"

"तीनला."

"मीही येते. आधी तू बोल. तू अडलीस तर मी बोलेन."

मुलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. भरवसा ठेवावा की नाही, याचा तिचा निर्णय झालेला दिसत नव्हता. तरी तिने मान हलवली आणि डबा उघडला.