ऐनवेळी उघडणारं पातं

जीव घेणाऱ्याने निदान शस्त्र तरी जीव लावून निवडावं; माणुसकीची खरी परीक्षा इथेच आहे. हा सिद्धांत मी अमेरिकेतल्या नेपरव्हिलमधल्या ज्या घरात मांडला, तिथे टोमॅटो कापायला एक धड सुरी नाही.

माझा पुतण्या सिद्धेश सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि सुट्टीला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो. मी जन्माचा शाकाहारी. त्याचं त्याला, माझं मला. पण गेल्या हिवाळ्यात बाण लागलेलं हरीण पळालं. सिद्धेशने अंधार पडेपर्यंत बर्फात शोधलं. बाण तेवढा सापडला. टोकाचं पातं, ज्याला इथे ब्रॉडहेड म्हणतात, ते एकाच बाजूने उघडलेलं.

त्याची बायको नीलांबरी म्हणाली, "पुन्हा एखादं जनावर असं तडफडत गेलं, तर धनुष्य गराज सेलमध्ये."

"मीच विकेन," सिद्धेश म्हणाला. तो गंमत करत नव्हता.

म्हणून यंदा नवं पातं घ्यायला मीही सोबत गेलो. दुकानदाराने पुन्हा तसलंच काढलं. उडताना मिटलेलं, लागल्यावर स्प्रिंगने उघडणारं. पाकिटावर कवटी.

"म्हणजे बटणाची छत्री," मी म्हणालो. "पाऊस आल्यावर उघडली तर उघडली!"

सिद्धेशने भाषांतर केलं, "काका म्हणतायत, इंटरेस्टिंग डिझाइन आहे."

"मी असं म्हणालो नाही. त्याला विचार, दरवेळी उघडतं का?"

दुकानदार हसला. "यूज्वली."

मी भाषांतरकाराला बडतर्फ केलं आणि स्वतःच इंग्रजीत उतरलो. "यूज्वली? हे हरणाला कोण कळवणार?"

"काका, हळू बोला ना यार."

हळू कशाला? मी दुकानाच्या मागच्या सरावाच्या रेंजवर फोमच्या ठोकळ्यावर कातडं म्हणून जुनं जाकीट टाकायला लावलं आणि तिरका बाण मारून मागितला. पात्याची एक बाजू उघडली, दुसरी झोपलेलीच.

"अँगल जास्त होता," दुकानदार म्हणाला.

"मग हरणाला सरळ उभं करणारं एखादं पाकीट दाखवा!"

तेव्हा कुठे त्याने खालच्या खणातून साधं पातं काढलं. तीन धारा, अखंड पोलाद, उघडमीट काही नाही. तोच तिरका बाण, पातं जाकिटासकट आत.

"हे वर का ठेवत नाही?"

"खपत नाही. याने बाण भरकटतो. धनुष्य जुळवून घ्यावं लागतं, भरपूर सराव लागतो."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे सराव नको म्हणून माणसं स्प्रिंग विकत घेणार, आणि तिचा भुर्दंड हरणाने भरायचा!

सिद्धेशने साधंच पातं घेतलं. मग दर शनिवारी रेंजवर मी खुर्ची टाकून बसलो. "बशीएवढ्या जागेत सगळे बाण येईपर्यंत जंगल कॅन्सल." तो वैतागला, चिडला, पण एके दिवशी बाण आले बशीत.

नोव्हेंबरात तो जंगलातून परतला. नीलांबरी दारातच उभी होती.

"शोधावं लागलं?"

"नाही," सिद्धेश म्हणाला. "डोळ्यांदेखत पडलं. लगेच." आणि तो पायरीवरच बसला. नीलांबरीने त्याच्या खांद्यावरचं धनुष्य काढलं आणि आत नेऊन खुंटीला लावलं.

आठवड्याने खाटकाकडून मांसाचे पुडे आले. कारागिरी, जबाबदारी आणि कवटी छापणाऱ्यांची नियत या विषयांवर मी बोलायला उभा राहिलो, तेवढ्यात सिद्धेशने फ्रीझर उघडला.

"सिद्धेश," मी म्हणालो, "तेवढं माझ्या मोदकांवर नको ठेवूस."