आक्काचा बॉयलर

खडीच्या खाणीत रुळांवरची, वाफेची दोन छोटी इंजिनं होती आणि ती चालवणारे दोघे सख्खे भाऊ. इंजिनं एकाच कारखान्यातली, जुळीच म्हणा ना. थोरल्याच्या इंजिनाला सगळे आक्का म्हणायचे, धाकट्याच्या इंजिनाला छबी. कोणाचं सरस, यावरून भावाभावांनी उभा जन्म वाद घातला.

खाण बंद पडली आणि इंजिनं झुडपांत गंजत राहिली. म्हातारपणी दोघांनी जुन्या सोबत्यांना गोळा केलं, खाणीची मोडकी शेड मागून घेतली आणि इंजिनं पुन्हा चालती करायचा ध्यास घेतला. सुट्टीचा एक दिवस म्हणून घरी सापडेनात.

"यापेक्षा सवत परवडली असती," थोरल्याची बायको म्हणायची. "तिनं निदान अंगभर ग्रीस फासून तरी घरी धाडलं नसतं."

मग बॉयलर तपासणारी बाई आली. छबीचा बॉयलर आतून पार चाळण झाला होता. आक्काचा ठणठणीत होता. पण तिच्या सांगाड्याला चाकांपाशी आरपार तडा गेला होता.

"वेल्डिंग करून?" थोरल्यानं विचारलं.

"भार घेणार नाही, काका. आक्काचा बॉयलर छबीवर चढवा. एक तरी चालेल."

सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. शेवटी थोरलाच म्हणाला, "करा." दुसरं काय म्हणणार?

क्रेननं बॉयलर उचलला त्या दिवशी धाकटा जवळ येऊन पुटपुटला, "दादा, तू नको म्हण. मी आत्ता थांबवतो सगळं."

"थांबवून काय? दोन्ही सडतील." थोरल्यानं दोर घट्ट धरला. बॉयलर हेलकावे खात त्याच्या डोक्यावरून गेला.

छबी चालू झाली तेव्हा माणसं लोटली. धाकट्यानं पहिली फेरी हट्टानं दादाला दिली. आत वाफ सळसळत होती ती आक्काच्या पोटातली. तो आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता. पण प्रत्येक दांडा धाकट्याच्या हाताला बेतलेला. परक्या स्वयंपाकघरात चाचपडावं तसा तो चाचपडत राहिला. तरी फेरी पुरी केली. टाळ्या पडल्या.

"कशी आहे?" धाकट्यानं डोळ्यांत पाणी आणून विचारलं.

"चांगली आहे," थोरला म्हणाला. खोटं नव्हतं ते.

पुढं शेडमध्ये जागा हवी म्हणून आक्काच्या सांगाड्याचे गॅसकटरनं तुकडे केले. भंगारचा ट्रक आला तेव्हा थोरला तिथंच उभा होता. कोणाला सांगायचं, काय सांगायचं, त्याला काहीच सुचेना. सगळ्यांचं बरोबरच होतं.

"आजोबा, जरा बाजूला व्हा," ट्रकवाला म्हणाला. "ट्रक मागं घ्यायचाय."

तो बाजूला झाला.