काळी चंद्रकला

माणूस महिन्यातून दोनदा मासे धरायला जातो आणि घरी एकही मासा येत नाही, तर बायकोनं काय समजायचं, तुम्हीच सांगा. सासूबाई होत्या तोवर ठीक होतं. त्यांच्या स्वयंपाकघरात मासा हा शब्दसुद्धा चालत नसे, म्हणून हे धरलेला मासा पाण्यात सोडून देत. पण सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. मी स्वतः म्हटलं, आणा एखादा, शिकेन मी करायला. तरी पिशवी रिकामीच. आणि चेहरा मात्र असा टवटवीत, की बघून माझ्या अंगाची लाही व्हायची.

हे म्हणजे माझे यजमान, गिरिधर. नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, तुम्हाला कळावं म्हणून एकदा घेतलं. सदर भागातल्या एका ऑफिसात हेडक्लार्क. तिथला जुना साहेब रिटायर होऊन विलायतेला गेला, तो जाताना यांना एक लवचीक काठी, दोरा गुंडाळायची एक चकरी आणि हे खूळ देऊन गेला. साध्या गळाला लोक कणकेची गोळी लावतात. यांचं तसं नाही. कोंबडीची पिसं आणि दोरा गळाला गुंडाळून खोटी माशी करायची, आणि ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की माशाला खरी वाटावी. सुटीच्या दुपारी हे खिडकीशी बसून माशा बांधत आणि मी आत भांडी आपटत असे. लग्नाला अकरा वर्षं झाली, यांच्या हातानं माझ्या केसांत कधी एक गजरा माळला गेला नाही. पण कोंबडीच्या पिसाला काय तो जपून हात लावायचे.

तसा माणूस गरीब, आणि वेंधळा. लग्नात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहायचं असतं, तेही यांना एका दमात जमलं नाही. सासूबाईंनी ताटात हात फिरवला, तांदूळ पुन्हा सारखे केले आणि यांनी दुसऱ्यांदा लिहिलं, प्रेमलता. मी मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, शुद्धलेखन चुकलं असेल. माहेरची मी वत्सला, तिथून उठले ती प्रेमलता झाले. झाले म्हणजे कागदावर. यांनी त्या नावानं कधी हाक मारली असेल तर शपथ. "अरूची आई," नाही तर नुसतं, "ऐकून राहिली का?" बस, एवढंच.

तर त्र्याहत्तर सालची संक्रांत. उमरेडहून नणंद आल्या होत्या, सिंधूताई. यांच्याहून मोठ्या, मनात काही न ठेवणाऱ्या. मी मुद्दाम त्यांच्यासमोर विषय काढला. म्हटलं, "ताई, तुमचा भाऊ ज्या तलावावर जातो, तो एकदा आम्हालाही दिसू द्या की. पोरीला जंगल दिसेल, आपलं चार पावलं फिरणं होईल." यांनी आधी थंडीचं कारण सांगितलं, मग डासांचं. थंडीत डास. मी मनात म्हटलं, इथं कुठं तरी माशी शिंकून राहिली आहे.

ताई म्हणाल्या, "ने ना गा गिरिधर. काहून अडून राहिला?" बहिणीपुढं यांचं काही चालत नाही. रविवारी भल्या पहाटे आम्ही निघालो. हे, मी, ताई आणि आमची नऊ वर्षांची अरू. बरोबर पोळ्या, झुणका, सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, आणि पिशवीभर संत्री.

सालईबांध म्हणजे राखीव जंगलातला तलाव. शिकारीला सक्त बंदी, परवाना काढून गळ टाकता येतो, बाकी लोकांनी पाळीवरून फिरायचं. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, लांबच लांब, दोन्ही अंगांना मोहाची झाडं. वनखात्याचं छोटं विश्रामगृह आणि त्याचा चौकीदार नत्थू. म्हातारा, मिशाळ. त्यानं यांच्या हातातली पिशवी घेतली, आम्हा बायकांना रामराम केला आणि यांच्याकडे वळून म्हणाला, "सायेब, या खेपेले चंद्रकला आनली का नाई?"

यांचा चेहरा जो उतरला, तो मी बघितला. कान लाल झाले. माझ्याकडे एक चोरटी नजर टाकली आणि म्हणाले, "आणली, आणली. तू चहा ठेव आधी." आणि काठी उचलून सरळ पाण्याकडे चालायला लागले.

मी तिथंच उभी. आणली म्हणजे काय? आणलं तर आम्हालाच होतं. की ती आधीच येऊन बसली होती कुठं झाडाआड? नत्थूचा चहा मी तसाच खाली ठेवला. ताई अरूला पाणकोंबड्या दाखवत होत्या. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. आणि नत्थूला गाठलं.

"काय हो नत्थू, ही चंद्रकला कशी आहे दिसायला?" मी आपलं सहज विचारावं तसं विचारलं.

"काळी हाय बाई," नत्थू चुलीत काटकी सारत म्हणाला. "पन सायबाचा लई जीव हाय तिच्यावर. सकायपासून तिच्यासंगच बोलत रायते. दुसऱ्या कोनाले हात लावू देत नाई."

काळी. म्हणजे मी एवढी गोरी, आणि याला काळी सापडली. माझा गोरा रंग बघून सासूबाईंनी मला पसंत केलं होतं, तो काय चुलीत घालायचा? आणि बोलतात म्हणे, सकाळपासून. माझ्याशी हा माणूस संध्याकाळी भाजीत मीठ कमी आहे एवढं बोलतो. मी उठले आणि पाळीवर गेले. ताई आणि अरूला गाठून त्यांच्याबरोबर चालू लागले, पण मला ना पाणी दिसत होतं ना पाखरं. समोरून दोन बायका सरपणाच्या मोळ्या घेऊन आल्या. त्यातली एक सावळी, नाकीडोळी नीटस. मी आडवी झाले. नाव विचारलं. ती म्हणाली, अंजना. दुसरी म्हणाली, मी बायजा, काहून जी? मी म्हटलं, काही नाही, सहज. दोघी माझ्याकडे बघत बघत गेल्या.

ताई म्हणाल्या, "तुले काय झालं वं? तोंड काहून असं?" म्हटलं, डोकं दुखून राहिलं. तुम्ही फिरा, मी येतेच.

पाळ संपते तिथं करवंदीची जाळी आहे. तिच्याआडून यांचा आवाज आला आणि माझे पाय जागच्या जागी थांबले. हा आवाज मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता. मऊ, लाडात आलेला. "चल चंद्रकले," हे म्हणत होते, "रुसू नको अशी. एकदाच जा. माझ्यासाठी जा. अगं, तुझ्याशिवाय आहे कोण मला?"

मला रडू आलं, पण राग त्याच्या आधी आला. मी जाळीला वळसा घालून सरळ समोर उभी राहिले. म्हटलं, "कुठं आहे ती?"

हे एकटे. गुडघाभर पाण्यात, पँट वर दुमडलेली, हातात काठी. आसपास चिटपाखरू नाही.

"कोण?" हे म्हणाले.

"चंद्रकला. बोलून राहिले होते ना आत्ता तिच्याशी? बाहेर काढा तिला. मलाही बघू दे काय रूप आहे ते."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग चकरी फिरवून दोरा ओढून घेतला, चिमटीत काही तरी धरून पाण्याबाहेर आले आणि माझ्या तळहातावर ठेवलं. माशी. काळ्या कोंबडीची पिसं, कडेनं तांबड्या दोऱ्याचे दोन वेढे. नखाएवढी, ओली.

"ही," हे म्हणाले. "काळं अंग आणि तांबडे काठ. चंद्रकला लुगडं असतं ना, तसं. म्हणून आपलं म्हणतो." आणि मान खाली घातली.

मला हसू फुटलं. असं हसू की पाळीवर फतकल मारून बसले. बघा म्हणजे, एका पिसावर जळत होते मी. हे मात्र हसले नाहीत. माशी परत घेतली, खिशातून मामंजींची जुनी तपकिरीची डबी काढली, तिच्यात कापसावर ठेवली आणि झाकण लावलं. मला वाटलं, लाजले असतील.

दुपारी मोहाच्या सावलीत जेवायला बसलो. हे अरूला हात धुवायला पाण्यावर घेऊन गेले, तेवढ्यात मी ताईंना सगळा तमाशा सांगितला. नत्थू, मोळीवाल्या बायका, करवंदीची जाळी, सगळं. म्हटलं, ताई, शेवटी निघाली माशी, आणि नाव काय, तर चंद्रकला.

ताई संत्रं सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अजून गेलं नाई का ते नाव त्याच्या डोक्यातून?" त्या म्हणाल्या.

"कोणतं नाव?"

"आता तुले काय सांगू वं. तुह्या लग्नात त्यानं ताटात पयले तेच लिवलं होतं ना. चंद्रकला. मले म्हने, ताई, हे नाव मी शाळेत होतो तवापासून बायकोसाठी ठेवलं हाय. पन आमच्या चुलतीचं नाव चंद्रकला. आईचं आन् तिचं सात जन्माचं वाकडं. आईनं ताटातच हात फिरवला, म्हने त्या बाईचं नाव माह्या घरात नाई पायजे. मंग प्रेमलता झालं. तुले माहीत नाई?"

मला कुठून माहीत असणार? मला शुद्धलेखन वाटलं होतं. ताईंनी अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं, ते तसंच राहिलं. सकाळी जळत होते तेव्हा बरी होते, समोर कोणी तरी बाई होती. तिच्या झिंज्या तरी उपटल्या असत्या. आता कोणाच्या उपटू? ते लाड माझे होते. तो आवाज माझा होता. रुसू नको, तुझ्याशिवाय आहे कोण मला, सगळं माझ्यासाठी ठेवलेलं, आणि अकरा वर्षं ते एक कोंबडीचं पीस खाऊन बसलं.

जेवणं झाल्यावर हे काठी पुसत बसले होते, तिथं गेले. म्हटलं, "तांदळात पहिल्यांदा काय लिहिलं होतं?"

यांनी दूर बसलेल्या ताईंकडे बघितलं. मग म्हणाले, "आई होती ना समोर."

"आई जाऊन दोन वर्षं झाली."

"हो," हे म्हणाले. काठीवरून फडकं फिरवत राहिले. "पण तोवर तू प्रेमलता झाली होतीस."

"मला तर त्या नावानंही कधी हाक मारली नाही."

"जिभेवर यायचंच नाही ते. लबाडी केल्यासारखं वाटायचं." मग खिशात हात घालून तपकिरीची डबी माझ्यापुढं धरली. "घे, टाकून दे पाण्यात. आजपासून तुलाच म्हणेन. चालेल?"

मी डबी घेतली नाही. पाण्यात टाकून काय होणार होतं? उलट हे आणखी झुरले असते तिच्यासाठी. म्हटलं, "ठेवा तुमच्यापाशीच. आणि म्हणायचं तर म्हणून बघा." एवढं बोलायला मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत. चाळिशीला टेकलेले नसलो, तरी आम्ही काही कालचे नवरानवरी नव्हतो.

उन्हं उतरल्यावर परत निघालो. ताई आणि अरू पुढं, मधे मी, मागं हे काठी खांद्यावर टाकून. पाळीवर वारा सुटला होता. मी कान मागं लावूनच चालत होते, खोटं कशाला बोलू. नुसता चपलांचा आवाज. मग यांनी घसा साफ केला आणि तोच तो आवाज आला, जाळीआडचा, मऊ.

"चंद्रकले."

मी चालत राहिले. मागं वळून बघितलंच नाही. मला वाटलं, डबी उघडली असेल, तिलाच म्हणाले.

"आई," अरू पुढून ओरडली, "बाबा थांबले आहेत मागं. कोणाला हाक मारून राहिले गं ते?"