खाडीचे एकसष्ट गुण

आमची खाडी शंभरपैकी एकसष्ट गुणांनी पास झाली आणि आमच्या घराचं वाटोळं झालं. हे मी रागानेच लिहितेय, कारण गुण देणाऱ्यांत मीही होते.

मी ठाण्यातल्या एका सल्लागार कंपनीत आहे. खाडी किती टिकेल हे आम्ही आकड्यांत मोजतो. पाणी, गाळ, काठची तिवरांची झाडं, मासे, प्रत्येकाला गुण द्यायचे, ज्याचं महत्त्व जास्त त्याला वजन जास्त, मग सगळ्याची मिळून एक बेरीज. साठच्या खाली आली तर खाडी ‘संकटात’, आणि कोलशेतचा नवा सांडपाण्याचा नाला तिच्यात सोडायला मनाई. वर गेली तर ‘टिकाऊ’, म्हणजे अजून घाण सोसू शकते. नाल्याचं तोंड नेमकं माझ्या बाबांची होडी लागते तिथेच येणार होतं. मला खाडी नापास व्हायला हवी होती.

पाणी आणि गाळ नापास झालेच. तिवरं बरी निघाली. राहिले मासे, आणि त्यांचं वजन सगळ्यात जास्त. मासे मोजायची आमची पद्धत म्हणजे जुन्या कोळ्याला विचारायचं. यादीत बाबांचं नाव आलं, गोमाजी कोळी. मी निर्धास्त होते. तीन वर्षं आमच्या घरात बाजारातून आणलेली मासळी शिजतेय.

माझे साहेब, सुदेश सर, आमच्या ओट्यावर बसले. आईने चहा दिला.

“काका, हल्ली काय काय लागतं जाळ्यात?”

बाबा ताठ बसले. “बोय हाय. चिंबोरी, कोलंबी, खरबी, निवटी. जिताडा पन लागतो.”

मी डोळे वटारले, त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. साहेबांसमोर बापाला खोटं पाडायला माझी जीभ उचलेना. माशांना दहापैकी नऊ मिळाले.

ऑफिसात मी सरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, “दक्षता, दिलेलं उत्तर बदलायचं नाही, हाच नियम. त्यात तू त्यांची मुलगी. तुझं तर मुळीच धरता येणार नाही.”

अहवाल मंजूर झाला. काठावर पाइप उतरले त्या दुपारी मी बाबांवर ओरडले, “खोटं का बोललास? एक मासा तरी लागतो का तुला?”

“मंग काय सांगू? मेली म्हनून सांगू? मेलेलीला कोन जपतं गो? जिती हाय म्हटल्यावर तरी कोन हात लावनार नाय, असं वाटलं मना.”

शहाणपणाचं बोलले होते ते. आमच्या तक्त्यात त्या शहाणपणाला जागा नव्हती, एवढंच.

“पास झाली ना पन ती?” त्यांनी विचारलं. “मंग ह्ये पाइप कशाला?”

“पास झाली म्हणूनच, बाबा.”

ते उठून होडी सोडायला गेले. कुठे न्यायची ते ना त्यांना माहीत होतं, ना मला.