अंगणातली डोण

उकळत्या पाण्याचं पातेलं पदरानं धरून दानम्मा गोठ्यात आली. तळाशी काचेची पिचकारी आणि जाड सुई किणकिणत होती. ढोरांच्या डॉक्टरांनी पिवळ्या, तेलकट औषधाची बाटली तळव्यांत धरून कोमट केली. सिद्धलिंग चंद्री गायीच्या मानेवरून हात फिरवत होता. लग्नाच्या बारा वर्षांत तो हात आपल्यावर असा कधी विसावला, हे दानम्माला आठवेना.

“लातूर जिल्हा झाला, डॉक्टर दारात यायला लागले अन् ढोरांचं नशीब उघडलं,” ती म्हणाली. “तुमच्या तिचं तर लईच.”

चंद्रीचं नाव ती कधी घेत नसे.

“मुक्या जनावरावर जळायलीस व्हय?”

जळतच होती ती. पावसाचं हे दुसरं कोरडं वर्ष. तरी हा माणूस आपल्या ताटातली भाकर गायीला चारायचा. परवा तर चार गडी लावून त्यानं अंगणाच्या मधोमधची ढोरांच्या पाण्याची दगडी डोण कडेला हलवली. गायीला अडखळायला नको म्हणून, दुसरं काय! त्याच डोणीनं दानम्माची नडगी दोनदा फोडली होती. दिवाळीपासून दिवस कलला की तिच्या डोळ्यांपुढे नुसती काजळी पसरे. ती कुणाला बोलली नव्हती. चूल न दिसणाऱ्या बाईला सासर किती दिवस ठेवतं?

“तेलातलं जीवनसत्त्व आहे, सावकाश शिरतं,” डॉक्टर म्हणाले. चंद्रीची कातडी थरथरली. दानम्माची नजर पिचकारीतल्या उतरत्या पिवळ्या रेघेवरून हलली नाही. “कोरड्या वर्षात सगळ्याच ढोरांना देतोय. पोटात हिरवं नसलं की संध्याकाळचं दिसेनासं होतं. आता ठेचकाळायची थांबेल.”

“गाय न्हाई ठेचकाळत, साहेब,” सिद्धलिंग हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

त्यानं चंद्रीच्या मानेवरचा हात काढला. “माणसाला बी होतं का हे?”

“होतं की. पण ही बाटली जनावराची. माणसाचं औषध वेगळं. उद्याच उदगीरच्या दवाखान्यात न्या, उशीर नको. कुणाला होतंय?”

सिद्धलिंगनं अंगणाकडे मान वळवली. डोण होती तिथल्या मातीच्या फिकट चौकोनाकडे नुसता बघत राहिला. दानम्मानं लुगड्याचा काठ नडगीवर ओढून घेतला.

डॉक्टरांच्या फटफटीचा आवाज वेशीपलीकडे विरला. दिवस अजून कासराभर वर होता. सिद्धलिंगनं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

“सकाळच्या एसटीनं जाऊ,” तो म्हणाला.

दानम्मानं कोपऱ्यातली बादली उचलली.

“चंद्रीला पाणी पाजायचं ऱ्हायलंय,” ती म्हणाली.